राष्ट्र आधी दप्तरात जमते

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

शाळेच्या पुस्तकात जर्मनीच्या एकीकरणाचा धडा बहुधा बिस्मार्कपासून सुरू होतो. १८६२ मध्ये प्रशियाच्या प्रतिनिधींपुढे त्याने लोखंडाची आणि रक्ताची भाषा केली. पुढे डेन्मार्क, ऑस्ट्रिया आणि फ्रान्स यांच्याशी एकामागून एक तीन युद्धे झाली. १८ जानेवारी १८७१ रोजी व्हर्सायच्या आरसेमहालात प्रशियाच्या राजाला जर्मनीचा सम्राट म्हणून घोषित करण्यात आले. धडा संपला. विद्यार्थ्याच्या मनात ठसते ते एवढेच की, राष्ट्र तलवारीने उभे राहते.

पण त्या आरसेमहालात जमलेल्या राजेरजवाड्यांच्या आधी सत्तर वर्षे तिथे दुसरेच काम चालू होते. कुणी जुन्या सनदा उतरवून घेत होते, कुणी म्हाताऱ्यांकडून गोष्टी ऐकत होते, कुणी जकातीचा हिशेब मांडत होते. राज्य नव्हते, सेना नव्हती. तरी राष्ट्र गोळा होत होते. हे काम कसे चालते, हे समजून घ्यायला बर्लिनला जायची गरज नाही. आपल्या खानदेशात, धुळ्याला आणि अमळनेरला, अगदी त्याच जातीचे काम झाले आहे. म्हणून आज या दोन्ही गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून बघू या.

अठराव्या शतकातला जर्मन प्रदेश म्हणजे संस्थानांची गोधडी. तीनशेहून अधिक राज्ये, धर्मपीठांच्या जहागिऱ्या आणि मुक्त शहरे. या सगळ्यांवर ‘पवित्र रोमन साम्राज्य’ नावाचे एक जुने छत्र होते. नेपोलियनच्या धक्क्याने १८०६ मध्ये ते मोडले. त्याच वर्षी प्रशियाचाही पराभव झाला आणि बर्लिनमध्ये फ्रेंच फौजा आल्या. अशा शहरात १८०७-०८ च्या हिवाळ्यात फिख्टे या तत्त्ववेत्त्याने ‘जर्मन राष्ट्रास’ उद्देशून व्याख्याने दिली. गंमत अशी की, ज्याला उद्देशून तो बोलत होता, ते राष्ट्र नकाशावर कुठेच नव्हते! होती ती भाषा. राज्य गेले तरी भाषा उरते आणि भाषा उरली तर माणसे पुन्हा जमू शकतात, हा त्या व्याख्यानांमागचा विश्वास होता.

हाच विश्वास ग्रिम बंधूंना कामाला लावून गेला. याकोब आणि विल्हेल्म हे कासेल गावचे ग्रंथपाल. १८१२ आणि १८१५ मध्ये त्यांनी लोककथांचे दोन भाग छापले. ‘सिंड्रेला’ आणि ‘हिमगौरी’ आपल्या मुलांना ठाऊक असतात, त्या गोष्टी या संग्रहात आहेत. तिकडे प्रशियाचा माजी मंत्री श्टाइन, ज्याला नेपोलियनच्या हट्टापायी पद सोडावे लागले होते, त्याने १८१९ मध्ये फ्रँकफुर्टला एक इतिहास मंडळ काढले. मध्ययुगातली सगळी मूळ साधने शोधायची, पाठ तपासायचे आणि छापायची, असा त्याचा संकल्प. पहिला खंड १८२६ मध्ये निघाला. ते काम आज दोनशे वर्षांनंतरही चालू आहे.

सरकारांना हे सारे निरुपद्रवी वाटले असेल, असे समजू नका. नेपोलियन हरल्यावर ३९ राज्यांचा एक सैलसर संघ झाला होता आणि त्यातल्या राजांना ‘जर्मन राष्ट्र’ हा शब्दच नको होता. राष्ट्र एक झाले तर गाद्या कुणाच्या राहणार? १८१९ च्या कार्ल्सबाडच्या ठरावांनी विद्यार्थी संघटनांवर बंदी आली, छापखान्यांवर तपासनीस बसले आणि प्राध्यापकांवर पाळत सुरू झाली. १८३७ मध्ये हानोव्हरच्या राजाने राज्यघटना रद्द केली, तेव्हा ग्योटिंगेनच्या सात प्राध्यापकांनी लेखी निषेध केला. सातही जणांची नोकरी गेली. त्यांत दोघे ग्रिम बंधू होते.

आता धुळ्याकडे वळू. साल १८७९. पुण्याच्या आसपास वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाने सरकार हादरले होते. पुण्यातल्या शिकलेल्या मंडळींची या बंडाला फूस आहे, असा साहेबाला संशय. त्या धामधुमीत न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांची बदली धुळ्याला झाली. रानडे बंडाच्या वाटेचे मुळीच नव्हते. तरीही धुळ्याला त्यांच्या टपालावर नजर होती, पत्रे आधी फोडली जात आणि मग हाती पडत. रमाबाई रानडे यांच्या १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींत ही हकीकत आली आहे. कार्ल्सबाडचे ठराव आणि धुळ्याचे टपाल यांत साठ वर्षांचे अंतर आहे. राज्यकर्त्यांची भीती मात्र तीच. न लढणारा पण विचार करणारा माणूस त्यांना अधिक बोचतो.

याच रानड्यांच्या विचारात पुढे एक जर्मन माणूस येतो. त्याचे नाव फ्रीडरिख लिस्ट. लिस्टचे म्हणणे साधे होते. हाम्बुर्गहून निघालेला माल स्वित्झर्लंडला पोचेपर्यंत वाटेत राज्याराज्यांच्या नाक्यांवर जकात भरत जातो. अशाने व्यापारी मरतो आणि इंग्लंडचा स्वस्त माल बाजार खातो. आधी आतली नाकी उठवा, बाहेर एकच कुंपण घाला, आगगाड्या बांधा आणि आपले कारखाने पायावर उभे राहीपर्यंत त्यांना जपा. या मतांपायी त्याला आधी तुरुंग आणि मग अमेरिकेचा रस्ता दाखवण्यात आला. पण १ जानेवारी १८३४ रोजी प्रशियाच्या पुढाकाराने जकातसंघ अस्तित्वात आला, तेव्हा १८ राज्यांतली सव्वादोन कोटींहून अधिक माणसे एका बाजारपेठेत आली. राजकीय एकीकरणाच्या ३७ वर्षे आधी मालाच्या गाड्यांनी सीमा पुसल्या होत्या.

रानड्यांनी १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजात ‘हिंदी अर्थशास्त्र’ या विषयावर व्याख्यान दिले, त्यात लिस्ट आणि जर्मन अर्थपंडितांचा आधार घेतला. इंग्लंडला मानवलेला खुला व्यापार सगळ्या देशांना सारखाच मानवेल असे नाही, हे त्यांनी इंग्रजांच्याच राज्यात ठामपणे मांडले. कापूस पिकवायचा आणि कच्चाच परदेशी पाठवायचा, हे ज्या खानदेशाने डोळ्यांनी पाहिले, तिथल्या वाचकाला याचा अर्थ समजावून सांगायला नको.

जकातीचा हिशेब झाला. आता दप्तराकडे येऊ. श्टाइनच्या मंडळाचा पहिला खंड १८२६ चा, हे मघाशी सांगितले. त्याच १८२६ मध्ये लंडनला ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास छापला गेला. एकाच वर्षी जर्मन लोक आपला इतिहास आपल्या साधनांतून छापू लागले होते आणि आपला इतिहास सातारच्या एका इंग्रज रेसिडेंटाने लिहून दिला होता. डफने कष्ट पुष्कळ घेतले, यात शंका नाही. पण मराठी सत्ता म्हणजे सह्याद्रीच्या वाळल्या गवताला लागलेला वणवा, अशी जी उपमा त्याने वापरली, ती आपल्या विचारवंतांच्या जिव्हारी लागली. वणव्याला हेतू नसतो, विचार नसतो. आपल्या पूर्वजांच्या उद्योगामागे काही विचार होता, हे दाखवायचे तर पुरावा हवा. आणि पुरावा होता कुठे? पुण्याचे पेशवे दप्तर सरकारी कुलपात होते. संशोधकांना तिथे मोकळी वाट नव्हती.

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी यावर उपाय काढला तो पायांनी. सरकारी दप्तर बंद असेल तर घराघरांतली दप्तरे उघडू. जुने सरदार, कुलकर्णी, देशपांडे, मठ, देवस्थाने यांच्या माळ्यांवर, कोनाड्यांत आणि पेटाऱ्यांत कागद कुजत पडले होते. राजवाडे गावोगाव फिरले. पत्नी तरुणपणीच वारलेली, पुन्हा लग्न केले नाही; जातील तिथे हाताने रांधून खात. कुणी कागद दाखवी, कुणी दारातून परत पाठवी. १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड निघाला. त्यात पानिपतच्या काळातला पत्रव्यवहार होता. असे एकूण २२ खंड त्यांनी काढले. इंग्रजी उत्तम येत असूनही लिहिले ते मराठीतच. १९१० मध्ये पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली, तीही त्यांच्याच पुढाकाराने.

आयुष्याच्या अखेरीस या माणसाचा मुक्काम धुळ्याला होता. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच त्यांचे निधन झाले. म्हणजे डफच्या ग्रंथाला बरोबर शंभर वर्षे झाली त्या साली. त्यांच्या मागे राहिले ते कागद. स्नेह्यांनी लगेच, जानेवारी १९२७ मध्ये, राजवाड्यांच्या नावाने धुळ्यात संशोधन मंडळ काढले आणि तो ठेवा सांभाळला. राजवाड्यांची मते तिखट, त्यांतली काही आज पटणारी नाहीत. पण मत आपले आणि कागद सगळ्यांचा, तो होता तसा छापला पाहिजे, ही त्यांची शिस्त होती.

धुळ्याला हे काम एकाकी नव्हते. वकील शंकर श्रीकृष्ण देव यांनी १८९३ मध्ये तिथे सत्कार्योत्तेजक सभा काढली होती. काँग्रेसचे पुढारी शंकरराव देव ते निराळे, हे धुळेकर जपून बजावतात. या देवांनी रामदासी मठामठांतून हस्तलिखिते मिळवली आणि १९०५ मध्ये जुन्या पोथीवरून दासबोध छापला. समर्थ वाग्देवता मंदिरातला संग्रह म्हणजे त्यांच्याच खटपटीचे फळ. एका जिल्ह्याच्या गावात असे दोन ज्ञानभांडार उभे राहिले, तेही परक्यांच्या राज्यात आणि लोकवर्गणीवर.

इथपर्यंत जर्मन कथा आणि आपली कथा हातात हात घालून चालतात. पण एक फरक महत्त्वाचा आहे. ग्रिम बंधू कागदांकडे गेले, तसे माणसांच्या तोंडाकडेही गेले. आपले संशोधक आधी कागदांकडे गेले. आता विचार करा, जुना कागद कुणाच्या घरात सापडतो? ज्याच्याकडे वतन होते, हिशेब होता, लिहिणारा हात होता, त्याच्या घरात. सातपुड्यातल्या भिल्लाच्या झोपडीत दप्तर कुठून असणार? १८५७-५८ मध्ये खाजा नाईकाने सेंधव्याच्या घाटात इंग्रजांचा खजिना लुटला, अंबापाणीला भिल्ल लढले आणि मेले. ही हकीकत लिहिली गेली ती इंग्रजांच्या अहवालात, शत्रूच्या शब्दांत. डोंगरात ती गाण्यांतून आणि सांगोवांगी राहिली. दप्तरातून उभ्या केलेल्या राष्ट्रात या माणसांची पाने कोरीच राहणार होती.

बायकांचेही तेच. ग्रिम बंधूंना अनेक गोष्टी सांगितल्या त्या डोरोथेआ फीमान या बाईने. ती शिंप्याची बायको, कासेलच्या बाजारात भाजी विकायला येई. ग्रिम बंधूंनी तिचे चित्र आपल्या पुस्तकाला जोडले. आपल्याकडे अशी बाई नव्हती काय? होती की! जळगावजवळच्या आसोद्यात १८८० मध्ये जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी घरोटे ओढताना, शेतात राबताना लेवा गणबोलीत गात होत्या. राजवाडे धुळ्यात कागद वाचत होते त्या दिवसांतही, पन्नास-साठ मैलांवर त्या गातच होत्या. मुलगा सोपानदेव आणि घरातल्या एका नातलगाने गाणी उतरून घेतली म्हणून ती वाचली. पुस्तक निघाले १९५२ मध्ये, त्या गेल्यावर पुढच्या वर्षी. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. ते २०१८ मध्ये दिले गेले. घरच्यांनी ती वही केली नसती तर?

फीमानबाईंची आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ग्रिम बंधूंनी तिला अस्सल हेसनच्या मातीतली शेतकरीण म्हणून लोकांपुढे ठेवले. प्रत्यक्षात तिच्या वडिलांचे घराणे फ्रान्समधून धर्मछळामुळे पळून आलेल्या ह्यूगेनो लोकांतले होते. म्हणजे ज्या कथांना अस्सल जर्मन मनाचा ठेवा म्हटले गेले, त्यांतल्या काही फ्रेंच घरांतून आलेल्या! गोष्टीला काही बिघडले नाही. पण ‘अस्सल आमचेच’ हा दावा किती जपून करावा, हे त्यातून कळते.

या दाव्याची परीक्षा १८४८ मध्ये झाली. क्रांतीच्या लाटेत राजे नमले आणि १८ मे रोजी फ्रँकफुर्टच्या सेंट पॉल चर्चमध्ये निवडून आलेली पहिली जर्मन सभा भरली. याकोब ग्रिम तिचा सभासद होता. पहिलाच अवघड प्रश्न : जर्मनी कुठे संपते? प्राग शहर शेकडो वर्षे साम्राज्यात होते, तेव्हा तिथल्या इतिहासकार पालात्स्कीलाही निमंत्रण गेले होते. त्याने नम्रपणे कळवले की, मी जर्मन नाही, मी स्लाव वंशाचा चेक आहे. पोझेन प्रांतातले पोल लोकही हेच म्हणत होते. ‘जिथे आमची भाषा तिथे आमचे राष्ट्र’ म्हणणाऱ्यांना शेजारची भाषा दिसलीच नव्हती. पुढच्या वर्षी प्रशियाच्या राजाने सभेने देऊ केलेला मुकुट नाकारला आणि सभा विखुरली. मग जे ठरावांनी झाले नाही ते बिस्मार्कने युद्धांनी केले. पण तो प्रश्न मिटला नाही. १९०१ मध्ये व्रेश्नाच्या शाळेत पोल मुलांनी धर्माचे पाठ जर्मनमधून म्हणायला नकार दिला, तेव्हा मास्तरांनी त्या लेकरांना छड्यांनी फोडून काढले. गोष्टी गोळा करण्यापासून निघालेला रस्ता तिथवर आला आणि १९३३ नंतर तो कुठे गेला, हे जगाने पाहिले.

आपल्या खानदेशाला हा प्रश्न जन्मापासूनच आहे. तापीच्या खोऱ्यात अहिराणी आहे, लेवा गणबोली आहे, भिलोरी आणि पावरी आहे, गुजराती, उर्दू, मारवाडी आहे. एकाच बाजारात माणूस तीन बोलींत भाव करतो. इथे ‘एक भाषा, एक राष्ट्र’ हे गणित मांडले तर उत्तर चुकणारच. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारला झेंडा हाती घेऊन निघालेल्या मुलांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सवंगडी मारले गेले. शिरीषकुमारची मातृभाषा गुजराती आणि त्या मिरवणुकीतल्या घोषणाही गुजराती. महाराष्ट्र त्याला आपला हुतात्मा मानतो, आणि ते योग्यच आहे. १ मे १९६० रोजी भाषेवर राज्ये झाली, तेव्हा डांग गुजरातेत गेला, नवापूर, नंदुरबार, अक्कलकुवा, तळोदा भागातली काही गावेही गेली. रेघ ओढावीच लागते. पण रेघेच्या दोन्ही बाजूंच्या भिल्लांना त्या दिवशी कोणती भाषा आपली झाली, असे कुणी विचारले होते काय?

या प्रश्नाला खानदेशातून एक उत्तर आले. साने गुरुजी १९२४ पासून १९३० पर्यंत अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. १९३२ मध्ये ते धुळ्याच्या तुरुंगात होते आणि तिथेच विनोबाही होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून, अशा अठरा रविवारी विनोबांनी कैद्यांपुढे गीतेवर प्रवचने दिली आणि गुरुजींनी ती भराभर लिहून घेतली. ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक त्यातून झाले आणि पुढे देशातल्या कितीतरी भाषांत गेले. याच गुरुजींनी खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या ओव्या जमवून ‘स्त्रीजीवन’ सिद्ध केले. म्हणजे राजवाड्यांनी जे दप्तरासाठी केले, ते गुरुजींनी जात्यासाठी केले. आणि अखेरच्या काळात त्यांनी ‘आंतरभारती’ची कल्पना मांडली. आपली भाषा प्रेमाने शिकावी आणि शेजाऱ्याची आदराने शिकावी, प्रांताप्रांतांनी एकमेकांचे साहित्य घरी आणावे. जर्मन सभेला १८४८ मध्ये जे सुचले नाही, ते हेच होते.

तेव्हा धडा असा की, राष्ट्र गोळा करावे लागते आणि गोळा करताना कुणाला वगळले यावर त्याचा पुढचा स्वभाव ठरतो. म्हणून गोळा करण्याचे काम संपत नाही. आपल्या घरच्या माळ्यावर मोडीतले रुमाल असतील तर ते रद्दीत घालू नका. धुळ्याच्या मंडळासारख्या ठिकाणी दाखवा. घरात आजी असेल, तिच्या तोंडी अहिराणी ओव्या असतील, तर शेजारी बसा आणि उतरून घ्या. आणि गावाबाहेरच्या वस्तीत, डोंगरातल्या पाड्यावर कुणी आपल्या पूर्वजाची गोष्ट सांगत असेल, तर तीही त्याच वहीत लिहा, वेगळ्या वहीत नको.

ग्रिम बंधूंनी १८३८ मध्ये जर्मन भाषेचा मोठा कोश करायला घेतला. १८६३ मध्ये याकोब वारला तेव्हा तो ‘फळ’ या अर्थाच्या शब्दापाशी आला होता. त्याच वर्षी आपल्याकडे राजवाड्यांचा जन्म झाला. कोशाचे काम पुढच्या पिढ्यांनी उचलले. साम्राज्य आले आणि गेले, दोन महायुद्धे झाली, देशाचे दोन तुकडे झाले. तरी पूर्व बर्लिनचे आणि पश्चिमेकडच्या ग्योटिंगेनचे अभ्यासक मिळून शब्द लावत राहिले. कोश पुरा झाला १९६१ मध्ये, ज्या वर्षी बर्लिनमध्ये भिंत उभी राहिली. भिंत १९८९ मध्ये पडली. कोश अजून कपाटात आहे.